जाळरेषेची फाईल

सरकारी कचेरीत दोन गोष्टी आपोआप साचतात, धूळ आणि किस्से. धूळ निदान दिवाळीला झटकतात! सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास मी नागपुरात, गावांना कामांसाठी पैसे मंजूर करणाऱ्या एका कचेरीत कारकून होतो. मंजूर करणाऱ्या म्हणजे, तसं पाटीवर लिहिलं होतं. माझे बरेचसे किस्से एकाच फाईलचे आहेत, गुलाबरावांच्या.

गुलाबराव काटोलकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावाचे सरपंच. होळीच्या आधी गाव आणि जंगल यांच्यामधल्या गवताचा एक पट्टा कापून जाळून टाकायचा, म्हणजे वणवा आला तरी तिथेच अडतो. त्याला जाळरेषा म्हणतात. मागच्या वणव्यात गावाचा चारा गेला होता. पुढचा घरांपर्यंत येणार, ही त्यांची धास्ती.

या जाळरेषेसाठी पैसे मागायला ते आले, त्या पहिल्या दिवशी आमच्या हेडक्लार्क बापूसाहेबांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"आग लागली का?"

"नाही जी. लागू नये म्हून आलो."

"मग नियमात बसत नाही. लागल्यावर या!"

*

आग झोडपायला हिरव्या फांद्या लागतात. गुलाबरावांनी अर्जात त्याही लिहिल्या. बापूसाहेब म्हणाले, "कुठलीही वस्तू असो, तीन कोटेशन पाहिजेत."

पुढच्या सोमवारी गुलाबराव एसटीतून उतरले ते खांद्यावर तीन फांद्या घेऊन. एक पळसाची, एक सागाची, एक कडुनिंबाची. तिन्ही टेबलावर आडव्या ठेवल्या.

"घ्या जी, तिन्ही आनले. पसंत करा!"

बापूसाहेबांनी कडुनिंब ठेवून घेतला. घरी गव्हात घालायला.

*

मग जागेची पाहणी ठरली. कचेरीचे मोठे साहेब जीपने गेले ते ऐन श्रावणात. परत येऊन शेरा मारला, "जागा ओलसर असून आगीची शक्यता दिसून येत नाही."

"काहून जी, उन्हाळ्यात साहेबाले येता येत नाही?" गुलाबरावांनी विचारलं.

"उन्हाळ्यात कसे जातील?" बापूसाहेब म्हणाले. "ऊन किती असतं!"

*

पुढचं पाप माझं. विषय टाईप करताना माझ्या हातून 'जाळरेषा'ची 'जाळेरेषा' झाली. त्या एका मात्रेवर फाईल गेली थेट मासेमारीच्या खात्यात! चार महिन्यांनी तिकडून विचारणा आली, "गावात तलाव आहे का?"

गुलाबराव खरं बोलणारा माणूस. त्यांनी लिहून दिलं, "तलाव नाही."

लगेच उत्तर आलं. आमच्याकडचं सगळ्यात लवकर आलेलं उत्तर तेच असावं. "तलाव नसल्याने जाळी देता येत नाहीत. विषय बंद."

आठवडाभर चहाच्या टपरीवर आम्हाला हसायला दुसरा विषय नव्हता. मीही हसलो. आज त्याची लाज वाटते.

*

पुढच्याच चैत्रात वणवा आला. चारा गेला, चार घरं गेली. गुलाबराव एका म्हातारीची गाय सोडवायला गोठ्यात शिरले आणि दोन्ही हात भाजून घेतले.

धंतोलीच्या एका दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेलो. बापूसाहेबांनी नुकसानभरपाईचा फॉर्म माझ्याजवळ दिला होता. "आता बसतात नियमात," ते म्हणाले होते, आणि हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

गुलाबरावांचे हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते. फॉर्म खिशातून काढायला मला फार जड गेलं. मात्रेचं मी तेव्हाच सांगून टाकलं. त्यांनी हनुवटीनंच खाटेजवळच्या स्टुलाकडे खूण केली.

"टाक न गा फॉर्म तिथं," ते म्हणाले. "झोडपाले मानसं लय होते, बाबू. पन विहीर आटून गेली होती. पानीच नव्हतं."

*

पुढच्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, गुलाबराव पुन्हा दारात उभे. हातांची कातडी नवी, गुलाबी. बापूसाहेब उठून उभे राहिले. इतक्या वर्षांत ते कुठल्याही सरपंचासाठी उठले नव्हते. खुर्ची पुढे केली, पण गुलाबराव बसले नाहीत. त्यांनी वाकड्या बोटांनी पिशवीतून मासेमारी खात्याचं ते जुनं पत्र काढलं आणि टेबलावर नीट पसरलं.

"गावानं मिळून तलाव खोदला जी. भरला बी. आता देता का जाळं?"