दोन मशिनं आणि एक वायर

आम्ही कारखान्यातले जुने लोक एकत्र बसलो की कुणीतरी आधीच दम देतं, "फिलूबाईंचे किस्से काढू नका, जेवायला उशीर होईल!" आणि मग तेच निघतात. किस्से काय, न बोलावता साठतात. एक काढला की पाठचे चार हलतात.

आमचा पंपांचा कारखाना वसईत. ऐंशीच्या दशकात तिथे कॉम्प्युटर आला. माल कुठे, किती, कुणाला पाठवायचा ते सगळं त्याच्यात. सेक्शनला माणसं दोन : फिलोमिना मॅडम, म्हणजे आमच्या फिलूबाई, आणि मी. पहिल्याच दिवशी शेठनी सुनावलं, "ह्या डब्यापायी एकदा जरी ट्रक अडला ना, तर डबा भंगारात आणि तुम्ही दोघं परत पॅकिंगला!"

फिलूबाई डब्यावरची धूळ पुसत होत्या.

•

प्रोग्राम मुंबईच्या एका कंपनीचा. करारात नियम असे : प्रोग्राम एकाच मशिनवर चालवायचा. जादा कॉपी एकच, ती कारखान्याबाहेर ठेवायची आणि परक्याच्या हाती द्यायची नाही. अडीअडचणीला दुसरं मशिन ठेवा, पण पहिलं बंद पडलं तरच ते चालू करा. दोन्ही एकदम चालली तर करार रद्द!

शेठ भडकले. "गाडीला स्टेपनी ठेवतो, तिचं वेगळं लायसन काढतो का आपण?"

"नाही शेठ," फिलूबाई म्हणाल्या. "पण त्या स्टेपनीवर दुसरी गाडीपण पळवत नाही!"

•

जादा कॉपी ठेवायला शेठनी बँकेचा लॉकर सुचवला.

"आणि रविवारी मशिन बसलं तर?" फिलूबाईंनी विचारलं. जादा कॉपीच्या फ्लॉपी त्या भुईगावला आपल्या घरी घेऊन गेल्या आणि सासूच्या पेटीत, लग्नातल्या लुगड्याखाली ठेवल्या. सासूला बजावलं, माझ्याशिवाय कुणाला द्यायच्या नाहीत.

एकदा, दुसरं मशिन यायच्या आधी, मशिनमधला प्रोग्रामच उडाला. फिलूबाई रजेवर, उमेळ्याला लग्नाला गेलेल्या. ट्रक गेटवर. शेठ स्वतः जीप काढून भुईगावला गेले आणि हात हलवत परत आले.

"म्हातारी म्हणते, कोन शेठ? फिलूला आना, मंग देते!"

शेवटी जीप उमेळ्याला गेली. फिलूबाई भरल्या मांडवातून जरीच्या साडीत उठल्या, भुईगावला जाऊन फ्लॉपी घेतल्या आणि तशाच मशिनसमोर येऊन बसल्या. ट्रक संध्याकाळी सुटला. शेठ नंतर कितीतरी दिवस म्हणत होते, "वॉचमन ठेवावा तर त्या म्हातारीसारखा!"

•

मग एक दिवस कंपनीचे साहेब न कळवता आले. आम्ही दोन्ही मशिनं एकदम चालवतो असा त्यांना संशय. "चालवत नाही हे सिद्ध करा, नाहीतर आजच करार रद्द!"

असली गोष्ट सिद्ध करायची तरी कशी?

फिलूबाईंनी टेबलाखाली बोट दाखवलं. मशिनं दोन, पण करंटची वायर एकच! दुसरी त्यांनी मशिन आल्या दिवशीच शेठच्या तिजोरीत टाकली होती.

"आमच्या वाडीत विहीर एक, दोन दिरांची इंजिनं दोन," त्या म्हणाल्या. "इंजिन फिरवायचं हँडल मात्र एकच ठेवलंय. पाळी ज्याची, हँडल त्याचं. भांडण नाही."

साहेब वाकून वायर बघत होते, तेवढ्यात लाइट फडफडली आणि पहिल्या मशिनमधून धूर निघाला. ट्रक गेटवर उभाच! फिलूबाईंनी साहेबांना जरा बाजूला केलं, वायर काढून दुसऱ्या मशिनला लावली, सकाळपर्यंतच्या नोंदींचं बॅकअप चढवलं. मालाची चलनं धडाधड छापून निघाली.

"आता हे चालतं ना साहेब?"

साहेबांनी करार पुन्हा वाचला. "चालतं," ते हळूच म्हणाले. शेठनी खूश होऊन त्यांना सुकेळ्यांचं, म्हणजे वसईच्या सुकवलेल्या केळ्यांचं, पुडकं दिलं. खरं तर नाचावंसं वाटत होतं मला!

•

पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात वरची पाण्याची टाकी फुटली आणि खालचं कपाट भिजलं. प्रोग्रामच्या सगळ्या फ्लॉपी त्याच एका कपाटात! साहेबांचा फोन आला, "मॅडम, तुमच्याकडची ती जादा कॉपी..."

"परक्याच्या हाती द्यायची नाही," फिलूबाई म्हणाल्या. "नियम तुमचाच."

साहेब धावत वसईला आले. फिलूबाईंनी आधी लिहून घेतलं : कॉपी द्यायला परवानगी, आणि आमचं दुसरं मशिन ह्यापुढे कधीही, कसंही चालवायची मोकळीक, फुकट! शेठनी तो कागद दोनदा वाचला आणि तिजोरीतली वायर स्वतः आणून फिलूबाईंच्या टेबलावर ठेवली.

मग फिलूबाई, साहेब आणि मी भुईगावला गेलो. सासूनं पेटी उघडली, लुगडं बाजूला केलं आणि फ्लॉपी फिलूबाईंच्याच हातात दिल्या. मग साहेबांकडे बघून विचारलं, "ह्यो कोन?"

"आई, हा प्रोग्राम ज्यांनी बनवला ना, तेच हे."

म्हातारीनं साहेबांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मंग बाबा, तुज्या घरात पेटी नाय?"