अण्णांच्या उपरण्यातलं बटण

खरं सांगतो, त्या गुरुवारी मी देवावर चिडलो होतो. अण्णांनी चाळीस वर्षं पेटीवर बसून ज्याचं नाव घेतलं, त्याच्याच समोर, नाहूरच्या आमच्या सोसायटीतल्या दत्ताच्या देवळात, भजन चालू असताना त्यांचं धोतर ओलं झालं. ऑपरेशननंतर त्यांना लघवीची कळ आली की दोन मिनिटंही धरवत नसे, आणि आधाराशिवाय उठता येत नसे. भर भजनात बुवाने "मला ने रे" असं ओरडायचं तरी कसं? ते शेवटपर्यंत गायले. सतरंजी गुंडाळताना सगळ्यांना कळलं. त्यानंतर अण्णांनी पेटीला हात लावला नाही.

मी त्यांची देखभाल करायला राहिलेला माणूस. मालवणाकडचा, सहावीत शाळा सुटलेली. गावच्या देवळात माझे बाबा पखवाज वाजवायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून झोपायचो आणि गजर सुरू झाला की आपोआप जागा व्हायचो. बाबा गेले, गाव लांब राहिलं, पण अण्णा गायला लागले की ते सगळं मला नाहूरमध्ये परत मिळायचं. ते गप्प झाले आणि मला पुन्हा पोरकं झाल्यासारखं वाटलं.

मुलुंडच्या बाजारातून मी एक बिनतारी डोअरबेल आणली. बटण अण्णांनी दाबायचं, वाजणारी डबी माझ्याजवळ. घरी दाबून पाहिलं तर डबीतून चिमण्या किलबिलल्या आणि वहिनी, अण्णांच्या सूनबाई, कणकेच्या हातांनी दार उघडायला धावल्या. "देवळात वाजली तर अख्खं मंडळ दाराकडे पळेल," अण्णा म्हणाले. कितीतरी दिवसांनी हसले. मग म्हणाले, "राहू दे रे. माझं गाणं संपलं," आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

डबी परत करायला गेलो. दुकानदार म्हणाला, "म्हाताऱ्याला मोबाईल दे ना यार." अण्णांचे हात थरथरतात, मोबाईल कसला? भजनात वाजणार नाही अशी घंटा हवी, हे मी त्याला समजावून सांगितलं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पंख्याचा रेग्युलेटर दुरुस्त व्हायची वाट बघत होते. माझ्या बोलण्यावरून मी कोकणातला हे त्यांनी ओळखलं.

"खंयचो रे तू?"

"मालवणाकडचो."

"मगे बस हंय. भोंगो काढून टाकूया."

दुकानदाराची सोल्डर करायची तापलेली कांडी त्यांनी माझ्याच हातात दिली. मी घाबरलो. म्हटलं, तुम्हीच करा. तर म्हणाले, "उद्या तुटला तर माका खंय सोधतलंस? तूच कर, मी सांगतंय." बटण दाबल्यावर डबीत एक बारीक दिवा लागायचा. त्या दिव्याच्या जागेवरून, मध्ये एक तीन पायांचा ट्रान्झिस्टर घालून, बंद पडलेल्या मोबाईलमधली थरथरणारी मोटर जोडायची. दोनदा बोट भाजलं. तिसऱ्यांदा डबी आवाज न करता माझ्या तळहातावर थरथरली. मी मान वर करून त्यांचं नाव विचारणार, तोवर ते रेग्युलेटर घेऊन निघून गेले होते. पुन्हा कधी दिसले नाहीत.

वहिनींनी अण्णांच्या उपरण्याच्या आत कप्पा शिवून बटण बसवलं. गुरुवारी संध्याकाळी बाबापुता करून त्यांना देवळात नेलं. मी मागे बसलो, डबी शर्टाच्या खिशात. अण्णांनी पहिला सूर लावला आणि मी सगळं विसरलो. गजर चढला. डोळे मिटून टाळ्या वाजवत होतो. छातीत थरथर झाली. मला वाटलं, भजनाने अंगावर काटा आला. पुन्हा झाली. मी म्हटलं, देवा, काय रे तुझी कृपा!

तेवढ्यात पखवाजाचं कातडं ताणून धरणारी वादी सुटली. वाजवणारा थांबला, टाळ थांबले, देऊळ एकदम शांत. त्या शांततेत कळलं, हे खिशात थरथरतंय. सगळे पखवाजाभोवती जमले होते. मी अण्णांना उठवून मागच्या दाराने नेलं. वेळेवर पोचलो.

"तीनदा दाबलं रे! झोपला होतास?"

"नाही अण्णा. भजनात रंगलो होतो."

"असं होय? मग रंगताना मला पण सोबत घे की!"

आम्ही परतलो तेव्हा वादी ताणून होत आली होती. कुणी विचारलंही नाही. अण्णांनी पेटी पुढे ओढली.

वादी तेव्हाच का सुटली, मला माहीत नाही. जुनी होती, सुटली असेल. मी फक्त हात जोडतो, देवालाही आणि त्या रेग्युलेटरवाल्या गृहस्थांनाही. आता मी भजनात टाळ्या वाजवत नाही, डोळेही मिटत नाही. सुरुवातीला जड गेलं, सगळे रंगलेले आणि मी एकटाच कोरडा. पण माझ्यासाठी त्याने हीच जागा ठेवली असेल तर मी ती बदलून मागणारा कोण? गजर चढतो, मी खिशावर हात ठेवून अण्णांच्या पाठीकडे बघत बसतो, आणि अण्णा निर्धास्त गातात.