शंकासुराची एक ओळ

ऑफिसात त्याला सगळे शंकासुर म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणत, आणि पन्नाशीच्या केकवर साखरेच्या अक्षरांत तेच नाव लिहून आणलं, तेव्हा त्यानेच ते सुरीने सरळ दोन भागांत कापून वाटलं. राग त्याला नावाचा नव्हता. नाव खरंच होतं.

तीस वर्षं तो प्रोग्रॅम लिहीत होता आणि तीस वर्षांत त्याचा यंत्रावरचा विश्वास दरवर्षी थोडाथोडा कमी होत गेला होता. शुक्रवारी दुपारनंतर नवीन काही चालू करायचं नाही, एकाने लिहिलेलं दुसऱ्याने वाचल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, आणि कॉम्प्युटर ‘झालं’ म्हणाला म्हणजे झालं असं समजायचं नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवी. सगळ्यात जास्त राग त्याला ‘नंतर’ या शब्दाचा. “नंतर करू म्हणणाऱ्याला आधी सुट्टी द्या,” असं तो भर मीटिंगमध्ये म्हणायचा. लोक हसायचे. घरी बायको म्हणायची, “अहो, गॅस मी बंद केलाय. तुम्ही दोनदा बघितलात. आता तिसऱ्यांदा गेलात तर मी माहेरी जाईन.”

अशा माणसाची नोकरी कुठे, तर डिजिटल नाणी काढणाऱ्या कंपनीत. लोक खरे पैसे भरून फोनमध्ये ही नाणी घेत, दुकानात देत, एकमेकांना पाठवत. ज्याची त्याची नाणी ज्याच्या त्याच्या पाकिटात, आणि पाकिटाला एक गुप्त किल्ली. किल्ली म्हणजे दुसरं काही नाही, एक भलामोठा आकडा. कंपनीत अर्धा पगारही नाण्यांतच मिळे. शंकासुराने तेवढं मात्र मान्य केलं नव्हतं. “मला पूर्ण पगार बँकेत हवा,” असं त्याने लेखी दिलं होतं. स्वतः रांधायचं आणि स्वतः जेवायचं नाही, असा हा आचारी, म्हणून त्याची चेष्टा व्हायची.

त्या बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला तक्रारखात्यातल्या बाई त्याच्या टेबलाशी आल्या. हातात तीन कागद.

“जरा बघता का? एक शिंपी आहे, एक निवृत्त नर्स आणि एक बसड्रायव्हर. तिघांची पाकिटं रिकामी झालीत. आम्ही नेहमीचं उत्तर पाठवलं, की तुमची किल्ली तुम्हीच कुणाला तरी सांगितली असेल. पण तो शिंपी रोज फोन करतोय. रडतो हो. आणि मला नाही वाटत तो खोटं बोलतोय.”

त्याने कागद ठेवून घेतले. सवयीप्रमाणे आधी तारखा बघितल्या. तिन्ही पाकिटं तीन वर्षांपूर्वी, कंपनी सुरू झाली त्याच दिवशी उघडलेली. आधी शिंप्याचं, मग नर्सचं, मग ड्रायव्हरचं. आणि रिकामी झाली तीही त्याच क्रमाने. त्याने सगळ्यात जुन्या पाकिटांची यादी काढली. बरीचशी केव्हाच ओस पडलेली होती, पण ज्यांत नाणी होती त्यांतली तेवीस गेल्या चार दिवसांत साफ झाली होती. एकामागून एक. चोर दारं फोडत नव्हता. तो रांगेने चालला होता आणि प्रत्येक दाराची किल्ली त्याच्याकडे होती.

मग त्याने तीन वर्षांपूर्वीचा जुना कोड उघडला. किल्ल्या बनवणारा भाग. तो त्यानेच लिहिला होता.

किल्लीचा आकडा असा हवा, की ब्रह्मदेवालाही ओळखता येऊ नये. त्यासाठी वेगळी व्यवस्था होती. पण उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती बंद पडली होती. तेव्हा कंपनीत चारच माणसं. बायकोचं ऑपरेशन त्याच दिवशी, साहेबांचे फोनवर फोन. त्याने काम अडू नये म्हणून आकडा घड्याळावरून काढायची एक ओळ घातली होती. पाकीट ज्या क्षणी उघडलं, त्या क्षणावरून किल्ली. तो क्षण ज्याला अंदाजाने सांगता येईल, त्याला किल्लीही काढता येईल. ओळीच्या बाजूला त्याच्याच हातची नोंद होती: ‘तात्पुरतं. नंतर बदलणे.’

ओळ बदलली गेली ती बारा दिवसांनी, आणि तीही दुसऱ्या कुणीतरी सगळा भाग नव्याने लिहिला म्हणून. बारा दिवसांतली सगळी पाकिटं मात्र त्याच किल्ल्यांवर अजून उघडत होती.

त्याने यादी पुन्हा उघडली. बाराव्या दिवसापर्यंतची सहाशेवर नावं, त्यांत खरी नाणी असलेली दोनशेच्या आसपास. यादी खाली सरकवता सरकवता नवव्या दिवसाच्या सकाळी एक नाव आलं आणि त्याने पडद्यावरून नजर काढली.

ताई. सख्खी मोठी बहीण. भावाची कंपनी म्हणून कौतुकाने तिने पाकीट उघडलं होतं, आणि निवृत्तीनंतरची बरीचशी पुंजी त्यात ठेवली होती. पुढच्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, तेही त्यातूनच. शंकासुर जगभराला शहाणपण शिकवत फिरला, पण ताईला कधी “ठेवू नकोस” म्हणाला नव्हता. तिचा आनंद त्याला मोडवला नव्हता.

चोर सकाळी सहाव्या दिवसाच्या पाकिटांत होता. वेगही वाढला होता. तीन-चार वाजेपर्यंत तो नवव्यात शिरेल, असा हिशेब त्याने मांडला. कागदावर मांडला, कारण टेबलावरच्या कॉम्प्युटरवर कंपनीने पहारा बसवला होता. दर पाच मिनिटांनी पडद्याचा फोटो, आणि बोटं किती वेळ थांबली याची नोंद. तो कागदावर लिहीत बसला तसा कोपऱ्यातला ठिपका हिरव्याचा पिवळा झाला, मग लाल.

साहेबांची काचेची खोली मधोमध होती. साहेबांना सगळे ‘चला-चला’ म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य तिथेच संपायचं. ते वर न बघताच म्हणाले, “बसा. तासभर तुमचे हात चालत नाहीयेत. तब्येत बरी आहे ना?”

“साहेब, पाकिटं लुटली जातायत.” त्याने सगळं सांगितलं. “सेवा बंद करायला हवी. आत्ता. मग किल्ल्या बदलता येतील.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “उद्या गुंतवणूकदार येतायत. आज सेवा बंद केली तर उद्या इथे कोण येईल? शुक्रवारी बघू.”

“शुक्रवारपर्यंत काही उरणार नाही.”

“हे कुठे लिहून पाठवलंय का तुम्ही? मेल वगैरे?”

“नाही.”

“छान. तोंडीच ठेवा.” मग थोडं थांबून, अगदी मायेने विचारावं तसं त्यांनी विचारलं, “ती ओळ कुणाची आहे म्हणालात?”

“माझी.”

“मग घाई तुम्हाला असायला नको. कळतंय ना मी काय म्हणतोय? लोक विचारतील, किल्ली ओळखायची कशी हे सगळ्यात आधी कुणाला ठाऊक होतं? पाकिटात एक नाणं न ठेवणारा माणूस कोण? चला, चला.”

तो बाहेर आला. हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. चोर तोच, असं कुणीही म्हणू शकलं असतं, आणि नाही म्हणायला त्याच्याकडे काही पुरावा नव्हता. जिन्यात जाऊन तो पायरीवर बसला. खालून कुणाच्या तरी चपलांचा आवाज आला तरी त्याला वाटलं, आपल्यालाच न्यायला आले.

त्याने ताईला फोन लावला.

“काय रे? कामाच्या वेळी फोन? सगळे बरे आहेत ना?”

“हो. ताई…” ‘आत्ताच्या आत्ता सगळं काढून घे’ एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की शिंप्याला कुणी सांगितलं नव्हतं, नर्सला नव्हतं, यादीतल्या इतर दोनशे जणांना कुणी सांगणार नव्हतं. आणि साहेबांचे शब्द कानात होते. सगळ्यांच्या आधी बहिणीला मोकळं केलं, तर पुढे कोण विश्वास ठेवणार? नक्की कुठल्या कारणाने त्याची जीभ अडली, हे त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. “सहज केला. गुडघा कसा आहे?”

“आहे तसाच आहे. तुझा आवाज असा का येतोय?”

“जिन्यात आहे,” म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

सेवा बंद करायची सोय होती. पण ती एकट्याच्या हातात नव्हती. तिघांपैकी दोघांनी आपापल्या टेबलावरून मंजुरी दिली तरच सगळं थांबे. हा नियम त्यानेच भांडून करून घेतला होता. एक तो, दुसरे साहेब, तिसरी चाळणी. चाळणी म्हणजे सगळं तपासून बघणारी तिशीतली मुलगी. तिच्यातून चूक खाली पडायची नाही, म्हणून ते नाव.

त्याने तिला जिन्यातच बोलावलं. तिने कागद वाचला, दुसऱ्यांदा वाचला, आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“काका, साहेबांची परवानगी नसताना बंद केलं तर नोकरी जाते. पोलीसही येऊ शकतात. करारात लिहिलंय.”

“हो.”

“माझी सगळी बचत नाण्यांत आहे. अर्धा पगार, तीन वर्षांचा.”

“तुझं पाकीट नंतरचं आहे. ते सुरक्षित आहे.”

“पण सेवा बंद झाली की कंपनीच बसेल. मग नाण्याला कोण विचारणार?”

तिचं म्हणणं खरं होतं. “मी तुला कर म्हणत नाही,” तो म्हणाला. “मला कुणाला तरी सांगायचं होतं. एकट्याने छाती फुटायची वेळ आलीय.”

ती कागदाकडे बघत राहिली. “तुमची चूक?”

“माझीच.”

“तुम्ही मला एका ‘नंतर’वरून सगळ्यांसमोर झापलं होतं. पहिल्याच आठवड्यात. मी घरी जाऊन रडले होते.”

“आठवतं मला.”

“बरं,” ती म्हणाली आणि नाक पुसलं. “किती वाजता पोचेल म्हणालात तो? मग इथे काय उभे राहिलोय आपण?”

दोन वाजून गेले होते. दोघं आपापल्या टेबलाशी गेले. त्याने स्वतःची मंजुरी दिली आणि पडद्यावर दुसऱ्या नावापुढची रिकामी जागा बघत राहिला. तेवढ्यात काचेच्या खोलीचं दार उघडलं. साहेब फोन कानाला लावून बाहेर आले, त्याच्या टेबलाच्या दिशेने चार पावलं टाकली. साहेब मध्येच थांबले, फोनवर कुणाला तरी हसले, वळले. दुसऱ्या नावापुढे खूण उमटली.

पुढची पाच मिनिटं काहीच घडलं नाही. मग एकदम सगळे फोन वाजायला लागले.

त्या दोघांना तासाभरात बाहेर काढलं. आठ दिवस तो घरी होता. दाराची बेल अधूनमधून वाजे. बायको दार उघडायला जाई आणि तो आतल्या खोलीत उभा राही, चप्पल घालून. चौथ्या दिवशी खरंच दोन अधिकारी आले. त्याने पहिल्या वाक्यातच सांगितलं, “ती ओळ माझी आहे,” आणि मग पाच तास प्रश्न झाले. त्याला वाचवलं ते पहाऱ्याच्या फोटोंनी आणि नोंदींनी. यादी आणि जुना कोड त्याने त्या बुधवारीच पहिल्यांदा उघडले, मग बोटं केव्हा थांबली, टेबल सोडून किती वाजता गेला, सगळं त्यात होतं. ज्या पहाऱ्याला त्याने जन्मभर शिव्या दिल्या, त्याचेच आभार मानायची वेळ आली आणि तेही त्याच्या घशाखाली उतरेना.

एकेचाळीस पाकिटं लुटली गेली होती. चोर सापडला नाही. बाकीच्यांच्या किल्ल्या बदलून व्हायला अकरा दिवस लागले, आणि तोवर कुणालाच आपली नाणी काढता आली नाहीत. कंपनी दुसऱ्या एका कंपनीने घेतली, एकेचाळीस जणांना निम्म्याहून थोडं जास्त परत मिळालं, साहेब कुठेतरी दुसरीकडे गेले. चाळणीला नव्या मालकांनी परत बोलावलं. त्याला नाही.

नाण्याचा भाव पडला होता, म्हणून ताईचं ऑपरेशन दोन महिने पुढे गेलं. तो फोन आपल्याला का आला होता, हे तिला त्याच्या बायकोकडून कळलं.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “तू माझा गुडघा विचारलास, आणि तुला माहीत होतं.” त्यानंतर तिने फोन घेणं बंद केलं.

आता तो पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटरची बिलं काढणाऱ्या प्रोग्रॅमवर काम करतो. तिथे त्याला कुणी टोपणनाव ठेवलेलं नाही. तो मीटिंगमध्ये फारसं बोलत नाही. स्वतःचं लिहिलेलं मात्र शेजारच्याला स्वतःहून नेऊन दाखवतो, आणि तो वाचेपर्यंत उभा राहतो. त्याने शिंप्याला एक पत्र लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, आणि येईल अशी त्याची अपेक्षाही नव्हती.

परवा दुपारी ताईचा फोन आला. सात महिन्यांनी.

“एकच विचारायचंय. खरं सांग. तुम्ही ते बंद केलंत तेव्हा तो माणूस कुठपर्यंत आला होता?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. “आठव्या दिवसाची संध्याकाळ,” तो म्हणाला. “तुझं नवव्या दिवशी सकाळचं.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मला भीती वाटते रे अजून,” ती म्हणाली. “बँकेतही वाटते.”

“मलाही वाटते.”

“हं.” मग ती थोडी चिडूनच म्हणाली, “रविवारी ये. जिना चढता येतो मला आता. बघून जा.”