डावखुऱ्याचा चाकू

मल्लेशम गेल्याचं मला त्याच्या मुलीने, पद्माने, फोनवर सांगितलं. खरं सांगतो, दुःखाच्याही आधी मला माझे जुने मालक आठवले... आता शोकसभा तेच घेणार, भाषणही तेच करणार. तसंच झालं.

मल्लेशम सोलापुरात यंत्रमागावर कामाला होता. तुटलेला धागा उजव्या हातात धरून डाव्या हाताने उघडता यावा, म्हणून त्याने स्वतःसाठी घडीचा चाकू केला. साधी पितळी मूठ, एकच पातं, अंगठ्याच्या नखासाठी बारीक खाच. बाकी काही नाही. उघडला की टक्, मिटला की टक्, मधे कुठे ढिला नाही. मी ज्या भांड्यांच्या दुकानात नोकरीला होतो, तिथल्या मालकांनी तो पाहिला आणि तसेच चाकू त्याच्याकडून करून घेऊन विकू लागले. पात्यावर नाव मात्र त्यांचं. ते ठशाने ठोकायचं काम माझं. पहिल्यांदा मी ठसा धरून घुटमळलो, तर मल्लेशम हसला. “ठोक की बे. पोरांच्या कपाळावर बापाचं नाव असतंय का?” मी ठोकलं. नोकरी सुटेपर्यंत ठोकत राहिलो. ते नाव आता इथे पुन्हा लिहिणार नाही.

शोकसभेत मालक म्हणाले, या चाकूची कल्पना त्यांना तरुणपणी सुचली, मल्लेशमचे फक्त हात. पद्मा समोरच मान खाली घालून बसली होती. मी उठलो आणि माझ्या खिशातला चाकू त्यांच्यापुढे धरला. म्हणालो, “मालक, एका हाताने उघडून दाखवा. तुमचाच आहे ना.” त्यांनी हसत तो उजव्या हातात घेतला. अंगठा पात्यावरून नुसता फिरत राहिला. खाच पलीकडच्या बाजूला होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. कुणीतरी खोकलं. मी मुद्दाम त्यांना हवा तेवढा वेळ दिला... त्या सुखाची मला आजही लाज वाटत नाही.

पद्मा पुढे आली. तीही बापासारखी डावखुरी. तिने चाकू घेतला आणि टक्. मालक चपला शोधू लागले. मग तिने पात्यावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे वळली. “काका, हे नाव कोण ठोकायचं?”

मी सांगितलं.

तिने चाकू मिटला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. मी मागितला नाही. सकाळी दुधाची पिशवी आली की हात अजून खिशाकडे जातो... मग उरलेल्या दातांनी ती फोडतो.