दिवाणातली मिरी

काळ्या मिरीने जगाचा इतिहास घडवला. तिच्यासाठी गलबतं समुद्र ओलांडून आली, राजे भांडले, किल्ले बांधले गेले आणि पडले. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला आणि हे प्रकरण दरवर्षी जरा खालच्या पट्टीतल्या, गंभीर आवाजात सांगितलं. पण मिरीपायी माणूस कोणत्या थराला जातो, हे मला निवृत्त झाल्यावर नागपूरच्या नंदनवन कॉलनीत, माझ्या थोरल्या साडूंच्या दिवाणात पाहायला मिळालं. ज्याच्या पोटात आपण हिवाळ्याच्या रजया आणि न वापरलेले डिनर सेट ठेवतो, तो दिवाण.

साडू कोराडीच्या वीज केंद्रातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. नोकरीत असताना त्यांनी फोन लावला की पलीकडचा माणूस उभा राहून बोलायचा, असं ते सांगत. पलीकडचा उभा आहे हे फोनवर कसं कळायचं, ते मी कधी विचारलं नाही. निवृत्तीनंतर मात्र आज भाजी कोणती करायची, हेसुद्धा त्यांना घरात कोणी विचारेना. विचारलंच तर उत्तरासाठी कोणी थांबत नसे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच फेब्रुवारीत साडू आणि माझी मेव्हणी केरळच्या सहलीला गेले. तिथे मसाल्याचा मळा दाखवतात आणि बाहेर पडताना प्रवासी वेलची-दालचिनीची पाकिटं घेतात. साडूंनी मिरीचं पोतं घेतलं. बल्लारशा येईपर्यंत अख्खा डबा शिंकत होता, असं मेव्हणी सांगते. मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. पोत्याचं एक टोक माझ्या हातात देत साडू म्हणाले, "ही खरेदी नाही, प्रोफेसर. ही पोझिशन आहे. भाव चढेपर्यंत धरून ठेवायची."

दुसऱ्या दिवसापासून मला सकाळी फोन येऊ लागला. नमस्कार-चमत्कार नाही. "व्हिएतनाम," असं ते म्हणत आणि थोडं थांबत. जगात सगळ्यात जास्त मिरी व्हिएतनाम पिकवतो आणि तिथले शेतकरी मिरीचे वेल उपटून कॉफी लावताहेत, ड्युरियन लावताहेत. ड्युरियन म्हणजे फणसासारखं एक फळ, वास मात्र फणसालाही लाजवणारा. म्हणजे उद्या माल कमी. इंडोनेशियाचं खरं नाही, ब्राझीलमध्ये पाऊस नाही. आपल्याकडे भाव चढले की बाहेरची मिरी आत येते, आणि आपली बाहेर जायची ती महाग म्हणून कोणी घेत नाही. "आणि चीन गप्प आहे," असं ते शेवटी म्हणत. "चीन गप्प आहे, प्रोफेसर. लक्षात ठेवा." मी चहा पीत लक्षात ठेवत असे.

जेवणाच्या टेबलामागे त्यांनी जगाचा नकाशा लावला. उजव्या बाजूला आलेख, वीज केंद्रात लोडचा काढायचे तसाच, तीन रंगांच्या पेनांनी. हिरवी रेघ कोची, लाल रेघ व्हिएतनाम. निळी कशाची, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पाहुणा जेवायला बसला की त्याची पाठ नकाशाकडे यायची, म्हणून साडू त्याला वळून बसायला सांगत.

मे महिना आला आणि प्रश्न कूलरचा झाला. नागपुरात मे महिन्यात कूलरशिवाय झोपणं हा हठयोग आहे. पण कूलरची हवा ओली, आणि ओल मिरीची वैरी. मिरीचं पोतं मागच्या खोलीतल्या दिवाणात होतं, म्हणून साडूंनी तिथला कूलर बंद केला. मेव्हणी हॉलमधल्या कूलरसमोर झोपू लागली आणि साडू मिरीबरोबर. महिनाभर ते घामाने निथळत त्या दिवाणावर झोपले. खाली मिरी मात्र खडखडीत होती.

मेव्हणी एवढं का सोसत होती, याचं मला नवल वाटे, कारण ती सोसणाऱ्यातली नाही. एकदा तिने सांगितलं. तिचं आणि माझ्या बायकोचं माहेर काटोलकडचं, कापसाचं. भाव नसला की त्यांचे वडील कापूस विकायचे नाहीत, घरात भरून ठेवायचे. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि त्याच्या कडेला मुलींची अंथरुणं. अंगाला खाज सुटायची, रात्रभर खाजवायचं. वडील म्हणायचे, "आणखी पंधरा दिवस. भाव येते." भाव यायचा, पण यांनी विकल्यावर.

"बाबांनी नोकरीवाला पाहून दिली मले," मेव्हणी म्हणाली. "काहून? का पीक घरात ठेवून त्याच्यावर झोपाचं काम पडू नये म्हणून. अन हा माणूस हजार किलोमीटरवरून दुसऱ्याचं पीक घेऊन आला."

"मले तर मास्तर पाहून दिली," माझी बायको म्हणाली. "घरात काही येऊन राहीन, ही भीतीच नाही."

मी चहा पीत राहिलो.

डिसेंबरात रजया काढायला दिवाण उघडला, तर सगळ्या रजयांना मिरीचा वास. अंगावर घेतली की शिंक. त्या दिवशी मेव्हणीने निकाल दिला. "संक्रांतीचं हळदीकुंकू हाय माझ्याकडे. त्याच्या आधी पोतं हालवा. नाही तर मी हालवतो."

"अवं, व्हिएतनामात तोडणी फेब्रुवारीनंतर हाय. त्याच्या आधीच भाव शिखरावर जाते. अन आता म्हणते का विका?"

"माह्या बापाचीच भाषा बोलून राहिले तुमी."

साडू हसले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोलू दे. उचलाले दोन माणसं लागते." पोतं हलवायचं म्हणजे उचलावं लागतं, अशी त्यांची समजूत होती. मोठ्या यंत्रांवर काम केलेल्या माणसाची समजूत.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी फोन आला. "चीन बोलला," साडू म्हणाले. चीनने खरेदी सुरू केली होती, भाव चढला होता, आलेखातली लाल रेघ कागदाच्या वर निघून भिंतीवर गेली होती. वर्षभर कोणी न ऐकलेलं त्यांचं म्हणणं खरं ठरलं होतं. खोटं कशाला बोलू, मलाही भरून आलं. दुपारी आम्ही डब्यात नमुना घेऊन इतवारीच्या घाऊक बाजारात गेलो.

व्यापाऱ्याने चार दाणे तळहातावर चोळले, एक दाताखाली फोडला. "माल चांगला हाय, साहेब."

"माल चांगला असणारच. आता जागतिक परिस्थिती अशी आहे की व्हिएतनाममध्ये..."

"तुमी भाव काय धरला?"

साडूंनी फोन पुढे केला. व्यापाऱ्याने तो पाहिलाही नाही. "फोनवरचा भाव फोनलेच मागा, साहेब. मी इतवारीचा देतो."

इतवारीचा भाव फोनपेक्षा कमी होता, पण खरेदीपेक्षा बराच वर. साडूंना पैशाचं दुःख नव्हतं. व्हिएतनाम पुरं ऐकून घेतलं नाही, याचं होतं. तरी सौदा झाला. व्यापाऱ्याने मालाची ऑटो बरोबर दिली. स्कूटरवर माझ्यापुढे बसलेल्या साडूंची पाठ ताठ होती. "आज हिला सांगतो," ते म्हणाले, "की बाप आणि नवरा यात फरक असतो."

नंदनवनात पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. फाटकातून बायका बाहेर पडत होत्या. संक्रांतीच्या काळ्या साड्या, हातात तिळगुळाची पुडी आणि स्टीलची एकेक वाटी. वाटी शिगोशीग भरलेली. मी ओळखलं. साडूंनी ओळखायला थोडा वेळ घेतला.

"भाऊजी!" पहिली बाई म्हणाली. "काय वाण लुटलं हो तुमच्या घरी! मी तर मागच्या वर्षी चहाची गाळणी दिली होती."

"सणाले मानाचा रंग काळा, अन वाणही काळंच," दुसरी म्हणाली. "ताई म्हणे, आयडिया भाऊजींची हाय."

साडूंनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागून ऑटोवाल्याने विचारलं, "साहेब, पोतं कुठून उचलाचं?"

मेव्हणी बाहेर आली. तिच्या हातात रिकामं पोतं होतं, नीट घडी केलेलं. ते तिने ऑटोवाल्याला दिलं, वर तिळगुळ ठेवला. "घे गा. गोड बोल अन लवकर जा, गाडी रस्त्यात उभी हाय."

मी साडूंकडे बघायचं टाळलं. माझी बायकोही आपली वाटी घेऊन दारात उभी होती आणि तीही टाळत होती. साडूंनी समोरच्या बाईच्या वाटीत पाहिलं. अख्खा मे महिना ज्यावर घामाने निथळत झोपले ते. मग घसा साफ केला.

"जपून वापरा," ते म्हणाले. "पुढं भेटणार नाही या भावात. व्हिएतनाममध्ये वेल उपटून राहिले."

"काहून?" त्या बाईने विचारलं.

हा प्रश्न त्यांना वर्षभरात पहिल्यांदाच कोणी विचारला होता. साडूंनी तिला काहून ते सांगितलं. मग ड्युरियन, मग ब्राझील. बायका वाट्या सांभाळत फाटकाशी उभ्या राहिल्या. चीनपर्यंत पोचले तेव्हा त्यांच्याभोवती चांगला घोळका होता आणि दिवे लागले होते. मेव्हणीने त्यांना आत बोलावलं नाही. ती दाराला टेकून ऐकत होती. त्या दिवसापासून मला सकाळचा फोन नाही. कॉलनीतल्या बायका फिरायला निघाल्या की साडूंना भाव विचारतात, आणि ऐकायला थांबतात. मिरी कोणी विकतही नाही आणि विकतही घेत नाही. वर्षभराची घरात आहे.

माझ्या बायकोने आपली वाटी धरमपेठेतल्या पुढच्या हळदीकुंकवात वाण म्हणून देऊन टाकली. त्यामुळे महिन्याभराने आमच्याकडे मिरी संपली, तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लहान पाकीट आणलं. मागे बारीक अक्षरात छापलं होतं, मूळ देश व्हिएतनाम.