बिनसांध्याचा ड्रम

नेकनूर मागं पडलं तसा उमाबाईंचा डावा गुडघा कुरकुरायला लागला, पण श्रीशैलला त्यांनी कळू दिलं नाही. कळलं असतं तर त्यानं त्यांना जिलानीच्या टेम्पोत नेऊन बसवलं असतं. पायी निघायचं तर पायीच पोचायचं, हा त्यांचा नेम. शिवाय आज पुढच्या घाटात त्या टेम्पोचीच परीक्षा होती.

लातूरहून कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला निघालेली ती पदयात्रा. पुढं पुरुष, मधे बाया, आणि सगळ्यांच्या मागं जिलानीचा तीनचाकी टेम्पो. त्यात वळकट्या, पिठाची पोती, मोठाली पातेली. त्याच्या मागच्या दोन्ही चाकांत श्रीशैलनं स्वतः ओतलेले अॅल्युमिनियमचे ब्रेक-ड्रम बसवलेले होते. रिकाम्या गाडीवर ते टिकले होते. भरल्या गाडीनं घाट उतरायचा राहिला होता.

“फुटले तर शेडला कुलूप,” श्रीशैल चालता चालता म्हणाला. “सुकन्याला तसं सांगून आलोय. मग क्लासवरच पूर्ण वेळ.”

सुकन्या त्याची बायको. तिचंही काही चूक नव्हतं. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघालेले, डॉक्टर व्हायला आलेल्या पोरांनी खोल्या भरलेल्या, आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्या श्रीशैलला बोलावणी येत होती. हा मात्र सकाळचे तास संपले की एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये भट्टीपाशी.

त्याला हा नाद कुठून लागला, ते उमाबाईंना ठाऊक होतं. भूकंपाच्या साली तो औशाकडच्या एका खेड्यातून त्यांच्या शाळेत आला, बाप आधीच गेलेला, आई भिंतीखाली गेलेली. बाईंनी त्याला घरीच ठेवून घेतलं. पोरगं जेवायला आत यायचं, झोपायला कधी नाही. अंगणात बाज, पावसात पत्र्याखाली. लग्न झाल्यावरही पत्र्याचीच खोली. दगडी भिंत दिसली की त्याची पावलं बाहेर वळायची. ह्या वाटेवरही रोज टेम्पोखालीच पथारी.

दहावीत असताना एकदाच तो बोलला होता. “बाई, आमची भिंत पडली न्हाई, उकलली. दोन हात जाड होती. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक, मधे माती अन् गोटे. बघणाऱ्याला एकच भिंत. हलली तसा एकानं दुसऱ्याचा हात सोडला. बाहेरचा थर गल्लीत गेला, आतला आईवर आला.”

पुढं तो धातुशास्त्राचा इंजिनिअर झाला, आणि पोटापुरतं क्लासात शिकवून ब्रेक-ड्रमच्या मागं लागला. ब्रेकचा ड्रम म्हणजे चाकातलं पालथ्या पातेल्यासारखं भांडं. ब्रेक दाबला की त्याच्या आतल्या अंगाला पट्ट्या घासतात. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, ड्रम टिकतो, पण जड. अॅल्युमिनियम हलकं, लवकर थंड होणारं, पण मऊ, झिजून जाणारं. म्हणून श्रीशैलनं आधी आतून लोखंडी कडं बसवून पाहिलं. ताप चढला की कडं वेगळं आणि ड्रम वेगळा. ती फट बघून पोरगा दोन दिवस जेवला नाही, असं सुकन्यानं उमाबाईंना सांगितलं होतं.

मग त्यानं फिरतं ओतकाम सुरू केलं. एका दुपारी उमाबाई ते बघायला गेल्या होत्या. साचा गरगर फिरत होता आणि शेडमध्येही श्रीशैलच्या हाताखाली असणारा जिलानी त्यात वितळलेला धातू ओतत होता, दुधासारखा, पण बघवत नव्हता इतका तेजाळ. श्रीशैल सांगत होता, की ह्या रसात सिलिकॉनचे टणक कण असतात, ते रसाहून हलके. फिरवलं की जड ते बाहेर पळतं आणि हलकं मधे गोळा होतं. उमाबाईंना डेऱ्यातलं लोणी आठवलं. गार झाल्यावर त्यानं एक ड्रम कापून त्यांच्या हातात दिला. आतली कड करडी, दाट. बाहेर जावं तसं उजळत गेलेलं. टणक कुठं संपलं आणि मऊ कुठं सुरू झालं, तिथं त्यांना बोट ठेवता येईना. बाई कितीतरी वेळ बोट फिरवत राहिल्या. जोंधळ्याचं धांड असंच असतं, वरून टणक आणि आत गर, मधे सांधा नाही. ज्यानं धांड घडवलं त्यानंच हे ह्या पोराला सुचवलं, असं मनात येऊन त्यांनी तो तुकडा कपाळाला लावला होता.

घाटाच्या तोंडाशी सगळे थांबले. टेम्पो खाली पोचल्याशिवाय कुणी रस्त्यावर उतरायचं नाही, असं ठरलं होतं. पोचला की जिलानीनं तीनदा हॉर्न द्यायचा. जिलानीनं बायांकडं बघून घेतलं.

“मास्तर, तुमचं भांडं दगा देऊन गेलं तर ह्या आक्कांच्या वळकट्या माझ्या आधी पोचतील. दर्शन त्यांनाच पहिलं.”

“तू आधी ये खाली नीट,” श्रीशैल म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

टेम्पो वळणाआड गेला. ब्रेकची घसघस थोडा वेळ ऐकू आली, मग तीही नाही. उमाबाईंची मूठ गळ्यातल्या इष्टलिंगावर मिटलेली. श्रीशैल दरीकडं पाठ करून उभा होता.

मग खालून हॉर्न आला. एक. दोन. बाईंना वाटलं तिसरा येतच नाही. आला.

खाली पोचल्यावर, चाकं निवल्यावर, श्रीशैलनं ती खोलून दोन्ही ड्रम बाहेर काढले. पान्यानं हलकेच वाजवले. देवळातल्या लहान घंटेसारखा नितळ आवाज निघाला. आतलं अंग आरशासारखं घासलं गेलं होतं, आणि केसाएवढीही चीर नव्हती. आपण कशाच्या समोर उभ्या आहोत, ते उमाबाईंना शब्दांत सांगता आलं नसतं. त्यांना फक्त त्या उकललेल्या भिंतीखाली गेलेली श्रीशैलची आई, नागम्मा, आठवली, जिला त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं.

कपिलधारला पोचेपर्यंत ऊन कललं. उतरायला मठाच्या दगडी ओवऱ्या मिळाल्या. बाया वळकट्या आत नेऊ लागल्या. उमाबाईंनी सवयीनं श्रीशैलची वळकटी टेम्पोतच राहू दिली आणि आपली काखेत घेतली.

तो मागून आला. बराच वेळ ओवरीच्या भिंतीकडं बघत राहिला.

“बाई,” तो म्हणाला, “माझी वळकटी आज आत टाका. दारापाशी चालंल. पण आत.”