पखवाजाचा गहू

टाकव्याच्या पखवाजाला गहू लागायचा आणि टाकव्यात गहू पिकायचा नाही. आंदर मावळातलं हे गाव भाताचं, उतारावर नाचणी आणि वरी. पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे डाव्या तोंडाच्या कातड्यावर मात्र दर वेळी वाजवण्याआधी भिजवलेली गव्हाची कणीक थापावी लागते. ती नसेल तर डावी घुमत नाही, रिकाम्या डब्यासारखी वाजते. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची, नाहीतर उंदीर तिच्यासकट पुडी खातात. म्हणजे ज्या घरात पखवाज, त्या घरात दर एकादशीला मूठभर गव्हाचं पीठ भिजायचं आणि दुसऱ्या दिवशी कोंबड्यांपुढे पडायचं.

हे घर अंबाजी असवले याचं. पखवाज गावाचा, देवळाच्या वर्गणीतून घेतलेला. पण तो वाजवणाऱ्याच्या घरी खुंटीला राही, अशी रीत होती. अंबाजीला हात त्याच्या चुलत्याने शिकवला. चुलता गेला त्या वर्षी पखवाज अंबाजीच्या खुंटीवर आला आणि त्याच वर्षी झुंबरबाई लग्न होऊन घरात आली. पहिल्याच एकादशीला सासूने तिच्यापुढे परात सरकवली. ती कणीक मळायची, ओल्या फडक्याखाली ठेवायची, पुन्हा मळायची, आणि बोटाने ओढून तुटत नाही अशी झाली की पळसाच्या पानात बांधून नवऱ्याच्या हातात द्यायची. तिची कणीक चैत्राच्या उन्हातही तडकत नसे. हे अंबाजीला ठाऊक होतं. तो कधी बोलला नाही, आणि बोलायचं असतं हे त्याला सुचलंही नाही.

झुंबरबाईचं त्या पखवाजाशी कधी जमलं नाही.

"पोरं नाचनी खात्यात आन् कातडं गहू खातंय," ती शेजारणीला सांगायची. अंबाजी ऐकत असला की जरा मोठ्याने सांगायची.

भावकीत वाटण्या होऊन अंबाजीकडे भाताची दोन खाचरं राहिली. तेवढ्यात तीन लेकरांचं भागेना, तेव्हा तो लोणावळ्याला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये खलाशी म्हणून, इंजिनं पुसायच्या कामाला लागला. राहायला कुसगावात चार जणांत एक खोली. सुट्टी मिळाली की लोकलने कामशेतला उतरायचं आणि तिथून इंद्रायणी ओलांडून पायी गाव गाठायचं. नोकरी आणि पखवाज यांची सांगड त्याने अदलाबदलीवर घातली. एकादशीला त्याच्या जागी दुसरा कुणी पाळी करायचा आणि बदल्यात अंबाजी दिवाळीला आणि शिमग्याला त्या माणसाची पाळी करायचा. शेडमध्ये हा सौदा सगळ्यांना आवडे. टाकव्यात त्याच्या मुलांनी कित्येक दिवाळ्या बापाशिवाय काढल्या आणि गावाने एकही एकादशी पखवाजाशिवाय काढली नाही. झुंबरबाईने हा हिशोब एकदाच तोंडाने मांडला. अंबाजी म्हणाला, "दिवाळी काय, पुढल्या वर्सी बी येतीया." पुढल्या वर्षीही तो आला नाही.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई लागल्यावर हे गणित मोडलं. घाटातून पलटणींच्या आणि सामानाच्या गाड्या वाढल्या, शेडमधल्या अदलाबदली बंद झाल्या. अंबाजीची एक एकादशी चुकली, मग दुसरी. तिसऱ्या वेळी पखवाज हौशीरामच्या गळ्यात गेला.

हौशीराम हा गावातलाच शेतकरी, अंबाजीहून दहा-बारा वर्षांनी धाकटा आणि वीतभर बुटका. तोवर तो टाळ धरायचा. त्या पहिल्या रात्री झुंबरबाई माहेरी तिकोणा पेठेला गेली होती आणि गावात गव्हाचं पीठ कुठेच नव्हतं. हौशीरामने घरून नाचणी भिजवून आणली. नाचणीला चिकटा नसतो. दुसऱ्या अभंगाला तो काळा गोळा पुडीवरून सुटला आणि त्याच्या मांडीवर पडला.

अंबाजीने ही गोष्ट शेडमध्ये इतक्या वेळा सांगितली की फिटर लोक हौशीरामला न पाहता ओळखू लागले. "काय अंबाजी, तुझा नाचणीवाला काय म्हणतो?" असं ते विचारायचे. अंबाजी खूश व्हायचा.

ही खुशी सहा महिने टिकली. मग त्याला घरी आल्यावर खुणा दिसू लागल्या. पखवाज खुंटीवर असायचा, पण गळ्यातल्या पट्ट्याची गाठ चार बोटं वर सरकलेली असायची, बुटक्या माणसाला हवी तशी. खोळीला तंबाखूचा वास यायचा; अंबाजी तंबाखू खात नव्हता. उजवीकडच्या चामड्याच्या वाद्या तो सैल ठेवायचा, त्या ताणलेल्या असायच्या. तो घोंगडीवर बसून पखवाज मांडीवर घ्यायचा आणि एकेक जागा तपासायचा. मग थोरल्या लेकीला, रतनला, हाक मारायचा.

"परवा कोन वाजवत हुतं गं?"

"हौशीकाका."

"कसं वाजवलं?"

"चांगलं."

"म्हंजी कसं चांगलं? माज्यासारखं का निराळं?"

रतन आईकडे बघायची. झुंबरबाई चुलीकडे बघून म्हणायची, "पोरीला काय इचारता? तिला काय कळतंय त्यातलं. जाऊन त्यालाच इचारा."

तो कधी गेला नाही. पण भजनाचे म्होरके कोंडाजी आबा वाटेत भेटले तेव्हा त्याने विषय काढला. आबा म्हणाले, "तुजा हात तो तुजा हात, अंबाजी. पर हौशीराम हितं असतोय." आबांना यात काही लागट बोललो असं वाटलं नाही. अंबाजीने ते वाक्य कुसगावच्या खोलीपर्यंत नेलं आणि महिनाभर सोडलं नाही.

गहू तोवर बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला होता. रेल्वेच्या नोकरांना मात्र रेल्वेच्या दुकानातून धान्य मिळे आणि त्यात थोडा गहू असे. अंबाजी दर महिन्याला तो घरी आणायचा. सणावाराला पोरांना पोळी व्हायची, बाकीचं पीठ पखवाजाला. एके दिवशी इंजिनाखाली बसून चाकं पुसताना त्याच्या ध्यानात आलं की जी नोकरी आपल्याला पखवाजापासून लांब ठेवते, तिच्याच गव्हावर हौशीराम वाजवतो आहे. गावाचं आपल्या हातावाचून चालतं. आपल्या गव्हावाचून चालत नाही.

फाल्गुनात तो रिकाम्या हाताने घरी आला.

"गहू?" झुंबरबाईने विचारलं.

"दुकानात आलाच न्हाई."

"आन् पुढल्या महिन्यात?"

"येईल असं वाटत न्हाई."

गहू आला होता. अंबाजीने तो खोलीतल्या एकाला देऊन तांदूळ घेतला होता आणि तांदूळ पिशवीत घालून आणला होता. भाताच्या गावात माणूस तांदूळ विकत घेऊन येतो हे झुंबरबाईला खटकलं.

चैत्री पौर्णिमेला गावात मारुतीच्या देवळात सप्ताह बसे आणि शेवटच्या सकाळी काल्याचं कीर्तन होई. वर्षभराच्या एकादश्या एका बाजूला आणि काला एका बाजूला. आसपासच्या गावांतून लोक येत. काल्याला पखवाज कुणाच्या गळ्यात, त्यावरून गावाचा पखवाजी कोण ते ठरे. अंबाजीने सतरा काले वाजवले होते. त्याने शेडमधले टाइमकीपर माधवराव यांच्याकडे रजा मागितली.

"रजा नाही," माधवराव म्हणाले. "सध्या कुणालाच नाही. रात्रपाळी कर आणि सकाळच्या गाडीने जा. संध्याकाळी परत हजर."

"कीर्तन आठला सुरू होतं, साहेब. मला पोचायला दहा होतील."

"मग दहापासून वाजव. तेवढा वेळ दुसरा कुणी असेल की."

"आहे," अंबाजी म्हणाला.

रात्रभर काम करून तो निघाला. कामशेतहून भराभर चालला. एक गोष्ट त्याला धीर देत होती: गावात गहू नाही. हौशीराम एकतर नुसती पुडी बडवत असेल, नाहीतर नाचणी थापून पुन्हा हसं करून घेत असेल, आणि आपण पोचू तेव्हा सगळं गाव वाटेकडे बघत असेल.

गावाच्या अलीकडे ओढा आहे. तिथे त्याला पखवाज ऐकू आला. डावी घुमत होती. भरलेली, ओली, कुठेही न तडकलेली. अंबाजी ओढ्यात पाय घालून उभा राहिला. अशी डावी एकाच कणकेवर बोलते. तो ती सतरा वर्षं वाजवत आला होता, पण लांबून पहिल्यांदाच ऐकत होता.

मांडवात तो मागे उभा राहिला. कीर्तनकार बुवांच्या मागे हौशीराम घामाने निथळत वाजवत होता. चांगलं वाजवत होता. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत झुंबरबाई बसली होती. एरवी ती मागे खांबाला टेकून बसायची. हौशीरामचं लक्ष अंबाजीकडे गेलं. अभंग संपताच त्याने गळ्यातला पट्टा काढला, गर्दीतून वाट करत आला, पखवाजाला हात लावून नमस्कार केला आणि तो पुढे केला. थोरला वाजवणारा आला की धाकट्याने असं करायचं असतं. "घ्या, दादा. काला तुमचा."

त्याने घेऊन वाजवला असता तर काहीच झालं नसतं. अंबाजीने आधी पट्ट्याची गाठ सोडून खाली आणली. मग डाव्या पुडीवर बोट ठेवलं. कणीक अजून मऊ होती, तीन बोटांनी दाबून कडा बसवलेल्या होत्या. कडा अशा बसवायला फक्त झुंबरबाई सांगायची. नखाने त्याने ती सगळी कणीक खरवडली, गोळा केला आणि मांडवाबाहेर फेकला. पखवाजी दुसऱ्याची कणीक काढून आपल्या हाताला बेताची लावतो, यात वावगं काही नव्हतं. गोळा पडला तिथे कावळा उतरला आणि तो घेऊन गेला.

"चला, कावळा शिवला," मागून कुणीतरी हळूच म्हणालं. दोघं-तिघं हसले.

"कनीक आन गं," अंबाजी बायकांच्या बाजूला बघून म्हणाला.

झुंबरबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "पीठ सपलं."

"जरा असंल की."

"पोरांच्या पोळीचं मागं ठेवलेलं हुतं, ते सगळं आज मळलं. आता कुटनं आनू? दुकानात गहू आला न्हाई म्हनला हुता न्हवं तुमी?"

अंबाजीच्या शेडमधला गहू आला की नाही हे गावात कुणालाही ठाऊक नव्हतं, पण त्याचा चेहरा सगळ्यांना दिसत होता. एका म्हातारीने खऱ्या काळजीने विचारलं, "नाचनीची आनू का बाबा थोडी?" आणि बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

बुवा थांबले होते. कोंडाजी आबांनी वीणा खांद्यावर सारखी केली आणि म्हणाले, "टाळ धरा रं." त्या वर्षीचा काला टाकव्यात टाळांवर झाला. पखवाज अंबाजीच्या गळ्यात शेवटपर्यंत होता.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "त्याला कनीक का दिलीस?"

"मागायला आला, दिली."

"मी नसताना?"

"तुमी असता कवा?" झुंबरबाई ताट मांडत म्हणाली. "पखवाज गावाचा, गहू रेल्वेचा. कनीक तेवढी माजी हाय. तो दारात उभा राहून म्हनला, वैनी, ही तुटत कशी न्हाई, मला दावा. इतकी वर्सं मळतीया, तुमी इचारलं कदी?"

अंबाजी जेवला नाही. संध्याकाळच्या पाळीला त्याला लवकर निघावं लागलं.

पुढच्या महिन्यात तो गहू घेऊन आला, मिळाला तेवढा सगळा. जात्याशेजारी पिशवी ठेवली. झुंबरबाईने दळला आणि त्या दिवशी घरात दोन्ही वेळा पोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी निघताना पिशवी हलकी झालेली बघून तो म्हणाला, "एकादशीला ठेव जरा."

"तुमी हाय का एकादशीला?"

"पाळी हाय."

"मग कुनासाठी ठेवू?"

तो वहाणा घालत राहिला. मग उंबऱ्यातून म्हणाला, "जो वाजवंल त्याच्यासाठी."

ओढ्यापाशी त्याला हौशीराम भेटला. खांद्यावर औत होतं. त्याने रामराम केला. अंबाजी पुढे गेला, मग थांबला आणि मागे न वळता म्हणाला, "कनीक जरा सैल मागत जा तिच्याकडं. तुजा हात जड हाय."

हौशीरामने ते त्या एकादशीला झुंबरबाईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "आता मला शिकवाय लागलं व्हय," आणि नेहमीसारखीच मळली.

अंबाजीने शेडची नोकरी सोडली नाही आणि काल्याला पुन्हा पखवाज मागितला नाही. पखवाज मात्र त्याच्याच खुंटीला राहिला. घरी आला की तो आधी पट्ट्याची गाठ चार बोटं खाली आणायचा, मग पाय धुवायचा.